जिवाणूंचा उपास आणि माझा शेंगदाणा

नवस बोलताना माणसानं डोळे मिटावेत, पण डोकं जागं ठेवावं. हे मला सुचलं तेव्हा नवस बोलून झाला होता.

श्रावणातला पहिला सोमवार होता. सासूबाईंबरोबर येडशीच्या दरीतल्या रामलिंगाला गेले होते. पिंडीपुढं उभी राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, "देवा, ह्यांच्या प्लॉटातल्या भुईमुगाला लाल गाठी दिसू देत. दिसेपर्यंत मी शेंगदाणा तोंडात घालणार नाही."

मन कसं हलकं झालं. परतताना निम्म्या पायऱ्या चढलो असू, तोच सासूबाईंनी विचारलं, "भगरीवर आमटी करायला घरात दाणे हायत ना?"

मी तिथंच पायरीवर बसले.

आमच्याकडं उपास म्हणजे दाणा. भगरीवर दाण्याची आमटी, साबुदाण्यात दाण्याचा कूट, मधेच भूक लागली तर मूठभर भाजके दाणे, गोड हवं तर दाण्याचा लाडू. माझा सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, आणि वर श्रावण. लोक जेवण सोडून उपास करतात. मी उपासाचंच जेवण सोडून बसले होते.

परवा भजनाला जमलेल्या बायकांना हे सांगितलं तर त्यांनी टाळ खाली ठेवले आणि म्हणाल्या, "वैनी, अजून सांगा." अशा गोष्टींचं सुतळीच्या तुकड्यांसारखं असतं. प्रत्येक तुकडा 'असू दे, लागेल' म्हणून डब्यात टाकलेला असतो, आणि एक ओढायला जावं तर सगळा गुंता हातात येतो. तर हा घ्या गुंता.

* * *

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको. आमचे हे जिवाणूंचं शिक्षण घेतलेले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मोठ्या दुष्काळानंतर इकडं आले, कारण आमच्या सोसायटीच्या चेअरमननी, म्हणजे बापूंनी, गोदामाच्या मागची एक खोली देऊ केली. त्या खोलीला चिकटूनच आमचं राहतं घर.

खोलीत जिवाणू वाढवायचे, कोळशाच्या काळ्या भुकटीत मिसळायचे आणि प्लास्टिकच्या पुड्या भरायच्या. शेतकऱ्यानं ती भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून बियाणाला चोळायची. मग ते जिवाणू हवेतलं नत्र धरून पिकाला देतात. ज्वारीसाठी एक जात, भुईमुगासाठी दुसरी. भुईमुगाची जात मुळांवर गाठी करून राहते. गाठ फोडली आणि आत लाल दिसली की समजायचं, काम चालू आहे.

पुड्या भरायला गौतमाबाई आणि त्यांच्या दोन जावा. गौतमाबाई बौद्ध घरातल्या. त्यांच्याकडं नवस नाही, उपास नाही, आणि जिभेला लगामही नाही. माझं त्यांच्याशिवाय पान हलत नसे.

गावानं ह्यांना 'जंतूसाहेब' नाव ठेवलं. हे समजावून दमले की जंतू वेगळे, जिवाणू वेगळे. शेवटी मी 'जंतूवैनी' झाले तेव्हा ह्यांनी तो नाद सोडला.

बापू सोडले तर सोसायटीच्या बाकी संचालकांना ही खोली खताच्या पोत्यांसाठी हवी होती. त्यांनी ठराव केला, की या पावसाळ्यात बापूंच्या रानात भुईमुगाचा प्लॉट करा. श्रावणाच्या शेवटी उस्मानाबादहून साहेब येऊन बघतील. त्यांना पटलं तर खोली राहील, नाहीतर खोलीला कुलूप. म्हणजे गौतमाबाईंची आणि जावांची मजुरी बंद, आणि ह्यांनी ज्याच्यासाठी नोकरी सोडली तेही बंद. माझा नवस उगाच नव्हता हो. त्यातला दाणा तेवढा उगाच होता.

* * *

त्या काळी साखर रेशनवर. आमच्या घरात गुळाचा चहा. पण खोलीतल्या काचेच्या चंबूंमध्ये साखरेचंच पाणी लागे, कारण जिवाणू त्यावर वाढत.

एकदा बापू सकाळी आले. मी गुळाचा चहा दिला. तो पीत पीत ते खोलीत गेले. तिथं हे चमच्या-चमच्यानं पांढरीशुभ्र साखर चंबूत घालत होते. बापूंनी कपाकडं बघितलं, चंबूकडं बघितलं.

"साहेब," ते म्हणाले, "पुढच्या जन्मी मला बाटलीतच घाला."

* * *

सासूबाईंना मिश्री लावायची सवय. एका सकाळी त्यांचा डबा रिकामा झाला, आणि खिडकीत एक फुटकी पुडी पडलेली. काळी, बारीक, कोरडी. त्यांनी तळहातावर घेतली आणि निवांत दातांना लावत ओसरीवर बसल्या.

ह्यांनी बघितलं आणि ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्वारीच्या जातीचे लाखो जिवाणू आईच्या तोंडात. धावत जाऊन विचारलं, "आई, काही होतंय का गं?"

"व्हईल कसं?" सासूबाई थुंकून म्हणाल्या. "तंबाखूचा वासच न्हाई ह्यात. बापूला सांग, तुझ्या सोसायटीत भेसळ चालू झाली."

* * *

सासूबाई फार मायाळू. श्रावणात मुंगीलासुद्धा उपाशी ठेवायच्या नाहीत. ह्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की चंबूतल्या जिवाणूंना मी मुद्दाम नत्र देत नाही, नत्राच्या बाबतीत त्यांना उपाशी ठेवतो. सासूबाईंनी ते मनात ठेवलं. दुपारी नैवेद्याचं ताट घेऊन खोलीत गेल्या, एका चंबूचा कापसाचा बोळा काढला आणि चमचाभर वरणाचं पाणी आत सोडलं.

दोन दिवसांत चंबू दह्यासारखा घट्ट झाला आणि खोलीत उभं राहवेना.

हे रागावले नाहीत. आईला समोर बसवून म्हणाले, "आई, नत्र नाही म्हणूनच ते हवेतलं धरतात. ते फार कष्टाचं काम आहे. खाल्लेली साखर त्यातच जळून जाते. डाळीतलं आयतं नत्र मिळालं, तर कशाला कष्ट करतील?"

"म्हंजी आळशी झाले?"

"आळशी नाही, हिशेबी. प्रत्येकाच्या पोटात जणू एक पहारेकरी असतो. आत नत्र किती उरलंय ते तो सारखं बघत असतो. कमी पडलं, की तो एक हुकूम उघडतो. तो हुकूम दुसरे हुकूम उघडतो, आणि मग नत्र धरायचा सगळा कारखाना चालू होतो. आत भरपूर असलं, की हुकूम मिटलेले. फाडून टाकत नाहीत, नुसते मिटून ठेवतात."

मी कणीक मळत ऐकत होते. म्हणाले, "पोथीसारखं. वर्षभर फडक्यात बांधलेली असते, पण अक्षरं कुठं जात नाहीत. श्रावण आला की सोडायची आणि वाचायची."

हे माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "आमच्या प्राध्यापकांना हे इतकं सोपं सांगता आलं नाही."

माझे पाय दोन दिवस जमिनीला लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी ह्यांना विचारलं, "अहो, पण त्या पहारेकऱ्याला बसायला जागा असते का आत?" तेव्हापासून प्राध्यापकांचं नाव निघालं नाही.

सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. ह्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी हे तुझ्यावरच गेलेत की. सासुरवाडीला गेलास की तू बी पाण्याचा तांब्या उचलत न्हाईस."

* * *

पेरणीच्या आधी मारुतीच्या पारावर सभा झाली होती. ह्यांनी गावाला बजावून सांगितलं, की पुडी लावलेल्या भुईमुगाला युरिया घालू नका. जिवाणूंना आयतं नत्र मिळालं की ते गाठी करत नाहीत, केल्या तरी आत काम करत नाहीत.

बापूंनी विचारलं, "म्हंजी उपाशी असले तरच कामाला येणार?"

"हो."

"आन् पोट भरलं की घरी बसणार?"

"तसंच."

"मग साहेब, ह्यांना पुडीत कशाला भरताय? रोजगार हमीच्या मस्टरवर घ्या की."

सगळा पार हसला. हसणाऱ्यांतले बहुतेक दुष्काळात खडी फोडलेले. एक म्हातारे तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "उपाशी काम आमी बी केलंय. पर आमाला खायला सुकडी तरी मिळायची. हे बिचारे नुसत्या हवेवर भागवत्यात."

त्या सभेत सगळ्यात मोठ्यानं बापू हसले होते. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

* * *

आता माझं. नवस बोलल्यापासून मला धीर म्हणून नव्हता. बापूंच्या प्लॉटाला कुणी हात लावायचा नाही, रोप उपटायचं ते उस्मानाबादच्या साहेबांच्याच हातानं, असं संचालकांनी बजावलेलं. म्हणून मी तुपाच्या रिकाम्या डब्यात माती भरली, पुडी लावलेले चार दाणे लावले आणि डबा तुळशीशेजारी ठेवला. उगवले. मी रोज पूजा झाली की एक रोप अलगद उपटायची, मुळं बघायची, गाठ नाही दिसली की परत लावायची, पाणी घालायची आणि नमस्कार करायची.

आठवड्यात चारही रोपांनी माना टाकल्या.

हे डबा बघून म्हणाले, "रामलिंगाला तरी थोडा वेळ देशील की नाही?"

* * *

एका सोमवारी भगर नुसत्या ताकाबरोबर खाल्ली होती. दुपारी पुड्यांना शिक्के मारायला बसले, तर गौतमाबाई शेजारी शेंगा भाजून खात होत्या. तो वास! माझा शिक्का पुडीऐवजी पाटावर पडला.

"वैनी," गौतमाबाई म्हणाल्या, "देवानं मागितला होता का दाणा?"

"नाही."

"मग आपणहून कशाला देताव? त्याला सवय लागंल."

आणि माझ्याकडं बघत एक शेंग फोडली. मी म्हटलं, तुमच्यात नवस नसतो, तुम्हाला नाही कळायचं. "नवस न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् म्हणून शेंगा बी न्हाईत सोडायच्या."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या भाकरीवर कांदा दिसायला लागला. दाण्याची चटणी कुठं गेली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, खलबत्ता फुटलाय. दगडाचा खलबत्ता कसा फुटेल, हे मला भुकेच्या भरात सुचलं नाही.

* * *

मधे पावसानं मोठी ओढ दिली. आजूबाजूचा भुईमूग पिवळा पडला. मग दोन चांगल्या सरी झाल्या आणि बापूंच्या प्लॉटानं असं रूप धरलं, की रस्त्यावरनं जाणारे थांबून बघायचे. अर्ध्या भागात पुडीचं बियाणं, अर्ध्या भागात साधं. पुडीचा भाग काळाभोर हिरवा. हे रोज बांधावर उभे राहून हरखायचे. मी घरात बसल्या बसल्या दाण्याचे लाडू वळून ठेवावेत का, याचा विचार करत होते.

ठरल्या दिवशी उस्मानाबादचे साहेब आले. संचालक आले, गाव आलं, आम्ही बायका बांधावर. हिरवा भाग बघून साहेबांनी मान डोलावली. मग खाली बसून एक रोप उपटलं आणि माती झटकली.

मुळं स्वच्छ. धुऊन ठेवल्यासारखी. एक गाठ नाही.

दुसरं उपटलं. तसंच. तिसरं, तसंच.

"गाठी कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

एक संचालक दुसऱ्याच्या कानाशी म्हणाला, कुलूप गोदामातच आहे. ते बांधापर्यंत ऐकू आलं. मी पदर तोंडाला लावला. गौतमाबाईंनी माझं मनगट धरलं.

बापू पुढं झाले. "साहेब, वर बघा की. खाली मुळं कशाला बघता? हिरवं किती हाय."

आमचे हे मातीत बसले. एक पान चोळून बघितलं, मग वर बापूंकडं बघितलं. शांतपणे विचारलं, "बापू, काय घातलं?"

बापूंनी टोपी काढली. "थोडा युरिया."

"किती वेळा?"

"दोनदाच. जंतूंवर माझा भरवसा हाय साहेब. पर म्हणलं, सोबतीला असावा."

कुणी हसलं नाही. हेच पहिल्यांदा हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं, ह्यांना ऊन लागलं.

"बापू, तुम्ही पोटभर वाढलंत," हे म्हणाले. "मग त्यांनी कारखाना उघडलाच नाही. सगळीकडं घातला का?"

"साध्या भागात न्हाई, आन् पुडीच्या बांधाकडच्या कोपऱ्यात बी न्हाई. तिथं मुरूम हाय. तिकडचं कोण बघायला चाललंय?"

सगळे तिकडं गेले. तिथलं बियाणंही पुडीचंच, पण पीक उंचीला कमी, रंगानं जरा फिकं. साहेबांनी रोप उपटलं. माती झटकली, आणि मुळांवर जोंधळ्याच्या दाण्यांसारख्या गाठीच गाठी. ह्यांनी एक गाठ नखानं फोडून साहेबांच्या तळहातावर ठेवली. आत लाल. देवीच्या कपाळावरच्या कुंकवासारखी.

मग साहेब पलीकडं, साध्या बियाणाच्या भागात गेले. तिथल्या रोपाला चार-दोन गाठी होत्या. फोडल्या तर आत पांढऱ्या. त्यांनी तिन्ही ठिकाणची रोपं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. उठले ते संचालकांना म्हणाले, "खोली चालू ठेवा. असा पुरावा मुद्दाम करायला गेलो असतो तरी जमला नसता. पुढच्या वर्षी युरियाचा एक भाग मुद्दाम ठेवा, एक बिनयुरियाचा ठेवा."

आणि गाडीत बसता बसता म्हणाले, "आणि तोपर्यंत चेअरमनसाहेबांना शेतात सोडू नका."

मी बांधावर हात जोडून उभी होते. गौतमाबाईंनी कनवटीला खोचलेली पुरचुंडी काढली. आत भाजक्या शेंगा. "घ्या वैनी. फिटला तुमचा नवस." मी ओंजळ पुढं केली, तर त्यातल्या अर्ध्या त्यांनी स्वतःच्या हातात ठेवल्या.

"मला बी लई दिवस झाले," त्या म्हणाल्या. "नवस न्हाई हां. तुमच्या तोंडाकडं बघून घास जाईना."

* * *

पुढच्या श्रावणात पहिल्या सोमवारी आम्ही रामलिंगाला निघालो, तर बापू धुतलेलं धोतर नेसून दारात हजर. म्हणाले, "वैनी, मला बी काहीतरी सोडायचंय. कसं सोडतेत?"

मी सांगितलं, फार काही नसतं बापू. आपल्याला सगळ्यात जास्त जे आवडतं, ज्याच्यावाचून आपलं चालत नाही असं वाटतं, ते देवापुढं बोलून सोडायचं. आणि मग देवावर भरवसा ठेवायचा, सोबतीला दुसरं काही ठेवायचं नाही.

बापू सगळ्यांच्या पुढं पायऱ्या उतरले. गाभाऱ्यात गेले, पिंडीवर बेल वाहिला, हात जोडले आणि सोसायटीच्या सभेत बोलतात तसं खणखणीत आवाजात म्हणाले, "देवा, भुईमुगाचा युरिया सोडला."

पुजारीबुवांनी मान वर केली. त्यांच्या पुढ्यात आजवर लोकांनी चहा सोडला होता, वहाणा सोडल्या होत्या, एका सुनेनं दाणासुद्धा सोडला होता. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "आन् ज्वारीचा?"

बापूंनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. पिंडीकडं बघत नरमाईनं म्हणाले, "ज्वारीचं पुढल्या वर्षी बघू, देवा."

तर बायांनो, येत्या श्रावणात तुम्हीही देवापुढं उभ्या राहून काहीतरी सोडा. तुमच्या मनातली गाठ लाल होईल, मला खात्री आहे. दाणा तेवढा सोडू नका.